बिलं आता बॉट भरतो, मग नव्यांनी शिकायचं कशावर?

निकाल लागले की बी.कॉम. झालेली ओळखीची मुलंमुली विचारायला लागतात, "ताई, तुमच्याकडे जागा आहे का? आणि हे अकाउंट्समधलं बिलं भरायचं काम अजून किती वर्षं टिकेल?" पहिल्या प्रश्नाला हल्ली मी बहुतेकदा नाहीच म्हणते. दुसऱ्याचं उत्तर कांजुरमार्गच्या पुलावर घाईत देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

२०१६ मध्ये मी पवईतल्या एका कंपनीत अकाउंट्स पेयेबलला, म्हणजे पुरवठादारांची देणी बघणाऱ्या विभागात, लागले. भांडुपहून स्लो लोकल, एक स्टेशन, मग शेअर रिक्षा. काम असं: पुरवठादाराचं बिल उघडायचं, आपल्या पीओशी, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी, आणि माल आल्याच्या नोंदीशी, म्हणजे जीआरएनशी, ताडून बघायचं आणि सिस्टीममध्ये भरायचं. थ्री-वे मॅच. दिवसाला ८० बिलांचं टार्गेट. सहा महिन्यांत बोटं आपोआप चालायला लागली. घरी येऊन मी म्हणायचे, ग्रॅज्युएट होऊन टायपिस्टच झाले की!

२०१९ मध्ये एक कन्सल्टंट मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसला. दोन आठवडे. मी कुठे क्लिक करते, कुठे थांबते, कोणतं बिल बाजूला ठेवते, सगळं तो टिपून घेत होता. मी त्याला डब्यातली थालीपीठंसुद्धा दिली. त्याच टिपणांवरून बॉट, म्हणजे आमच्यासारखंच क्लिक करून बिलं भरणारं सॉफ्टवेअर, तयार झाला. आम्ही २२ जण होतो, वर्षभरात ९ उरलो. गेलेल्यांपैकी बरेच जण थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे कागदोपत्री दुसऱ्याच एजन्सीचे नोकर होते, त्यांच्या हातात फक्त एक महिन्याचा पगार पडला. म्हणून ऑफर लेटर आलं की पगाराच्या आकड्याआधी तुम्ही नक्की कोणाच्या रोलवर आहात ते वाचा.

मी उरले ते हुशारीमुळे, असं म्हणवत नाही. खरी गोष्ट ऑक्टोबर २०२० मध्ये घडली. ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना १ ऑक्टोबरपासून ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं झालं. बिलांवर क्यूआर कोड, आयआरएन नावाचा ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक आणि एक अ‍ॅक्नॉलेजमेंट नंबर, म्हणजे पोचेचा क्रमांक, छापून यायला लागला. आमचा बॉट एका पुरवठादाराचा हा अ‍ॅक्नॉलेजमेंट नंबरच बिल नंबर समजून उचलायला लागला. इकडे तेच बिल पुरवठादाराने घाईचं म्हणून मेलवरही पाठवलं होतं आणि आम्ही ते हाताने भरलं होतं, खऱ्या नंबराने. नंबर वेगळे, त्यामुळे सिस्टीमची डुप्लिकेट तपासणी मुकाट. दोनदा पेमेंट निघणार होतं.

हे पकडलं माझ्या शेजारच्या सीटवरच्या बाईंनी. घरून काम चालू होतं, त्यांचा फोन आला, "अगं, हा माणूस महिन्याला एकच बिल पाठवतो. दोन कशी?" तीन वर्षं त्याची बिलं त्यांनी हाताने भरली होती, म्हणून त्यांना ते खटकलं. कोणत्याही मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं नव्हतं.

माझी आत्या फोर्टातल्या एका बँकेत क्लिअरिंगला, म्हणजे चेक वटवण्याच्या विभागात, होती. ती निराळ्या शब्दांत हेच सांगते. २०१३ च्या एप्रिलमध्ये मुंबईत चेक ट्रंकेशन आलं, चेक जागेवर थांबून त्याची फक्त इमेज पुढे जायला लागली. तिला सह्या तपासायला स्क्रीनवर बसवलं. ती म्हणते, मला ते जमलं, कारण आधी हजारो कागदी चेक बोटांखालून गेले होते. नंतर आलेल्या पोरांना पहिल्या दिवसापासून स्क्रीनच मिळाली, ती बिचारी घाबरून चांगले चेकसुद्धा अडवायची.

तर अडचण ही आहे. सरळ बिलं बॉट भरतो, वाकडी आपल्याकडे येतात. त्याला आम्ही एक्सेप्शन म्हणतो. आणि वाकडं ओळखायची नजर सरळ बिलं भरूनच येते. ती पायरी आता कंपनी देत नाही. अडीच वर्षांचा अनुभव मात्र मागते.

मग काय करायचं? माझं मत, पायरी स्वतःच बांधायची. ओळखीच्या एखाद्या सीएकडे किंवा दादरच्या एखाद्या ठोक दुकानात तीन महिने बसा, पगार कमी असला तरी. बिल वाचायला शिका. जीएसटी नंबराची पंधरा अक्षरं असतात, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा म्हणजे पॅन. दुरुस्तीचं काम कंत्राट धरून १ किंवा २ टक्के टीडीएस कापायचा, की व्यावसायिक सेवा धरून १०, हे बॉट पुरवठादाराच्या मास्टरवरून, म्हणजे सिस्टीममध्ये त्याच्या नावापुढे एकदाच भरून ठेवलेल्या माहितीवरून, ठरवतो. एकाच बिलात दोन्ही असेल तर तो गडबडतो. पुरवठादाराचं बिल जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर आपल्याला दिसणाऱ्या खरेदीच्या यादीत, दिसतंय का ते बघायची सवय लावा, न दिसणाऱ्या बिलावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. एक्सेलमध्ये पिव्होट आणि पॉवर क्वेरी यायलाच हवं, त्यावर जास्त बोलत नाही.

ऑटोमेशन शिकायचंच असेल तर हजारो रुपये भरून 'हमखास नोकरी'च्या क्लासला जाऊ नका. विंडोज ११ सोबत पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप फुकट येतं. त्यात स्वतःचं एखादं कंटाळवाणं काम बसवून बघा, फाइलींची नावं बदलणं वगैरे. ते कुठे फसतं हे कळणं मला तरी सर्टिफिकेटपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. मुलाखतीत मी तेच विचारते: तुझा बॉट कुठे आपटला, आणि तुला ते कसं कळलं?

गेल्या पावसाळ्यात एक ट्रेनी आला, कळव्याचा. त्याला मी जुनी १०० बिलं दिली आणि सांगितलं, बॉटने काय केलं ते न बघता हाताने भर. दोन दिवस तोंड पाडून बसला होता. तिसऱ्या दिवशी एक बिल घेऊन आला. छोटा पुरवठादार, पत्ता भिवंडीच्या गोदामाचा, पण जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा, आणि कर लावलेला सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीचा. गुजरातच्या नंबरावर महाराष्ट्रात विकायचं तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर, हवा होता. बेरीज जुळत होती म्हणून बॉटने ते केव्हाच पास केलं होतं.

"मॅडम, आता काय करू?"

मी पुरवठादाराला फोन लावला आणि तो त्याच्याकडे सरकवला. पहिली पाच मिनिटं तो नुसतं "हो सर, हो सर" करत होता. मग म्हणाला, "सर, तुमच्याकडे महाराष्ट्राचा नंबर आहे का? मग या गोदामातल्या मालाचं बिल त्याच्यावर का काढत नाही?" आणि कागद ओढून लिहायला लागला.