गावाचा इतिहास कापडावर मांडताय? या चुका टाळा

शाळेची शताब्दी असो की ग्रामपंचायतीची नवी इमारत, गावातल्या बायकांनी मिळून एक मोठा कापडी भित्तिपट करावा, ही फार सुंदर कल्पना आहे. गोधडी नाहीतर वाकळ शिवणारे हात आपल्याकडे अजून आहेत. अशी कामं टाक्यांमुळे क्वचितच फसतात. बहुतेक वेळा ती सुई हातात घ्यायच्या आधीच फसलेली असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इतिहास चार जाणत्या मंडळींनी ठरवायचा आणि बायकांनी तो नुसता शिवायचा. मग पटावर किल्ला येतो, देऊळ येतं, नांगर धरलेला शेतकरी येतो. असा पट शेजारच्या गावात टांगला तरी खपून जाईल. १९७२चा दुष्काळ घ्या. भेगाळलेली जमीन कुणीही काढेल. पण त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या आज्यांना विचारा. कामावर वाटलेली सुकडी निघते, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी निघतात, हातोडीचा घाव बसू नये म्हणून बोटांना गुंडाळलेली चिंधी निघते. ती चिंधी रंगवू नका, खऱ्याच जुन्या लुगड्याची लावा. पटावर लोक सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवतील.

यालाच जोडून दुसरी गोष्ट. वाद नको म्हणून अवघड प्रसंग गाळू नका. महाडचा पट करायचा आणि २० मार्च १९२७चा चवदार तळ्याचा सत्याग्रह कोपऱ्यात बारीक दाखवायचा, हे मला अजिबात मान्य नाही. धरणाखाली गेलेली वस्ती, वेशीबाहेरची विहीर यांनाही पटातली एक पूर्ण चौकट द्या, आणि ती चौकट त्याच वस्तीतल्या बायकांनी शिवावी. त्यांना बोलावणं शेवटच्या आठवड्यात नको, पहिल्याच बैठकीला हवं.

आता मापं. प्रत्येक गट घरी बसून आपापली चौकट करणार असेल तर ‘दोन बाय दोन फूट’ एवढं सांगून भागत नाही. कुणी माया, म्हणजे शिवणीसाठी ठेवलेलं जास्तीचं कापड, धरून मोजतं, कुणी वगळून. जोडायला बसलं की क्षितिजाची रेघ एकीकडे वर, दुसरीकडे खाली. अकराव्या शतकातला फ्रान्समधल्या बायो गावचा भरतकामाचा पट सुमारे ७० मीटर लांब आहे, लिननचे नऊ तुकडे जोडून केलेला. त्याच्या पहिल्याच जोडावर किनारी नीट जुळत नाहीत. पुढचे जोड मात्र शोधावे लागतात. तेव्हा एकाच ठिकाणी, एकाच ताग्यातून सगळ्या चौकटी कापा, चारही बाजूंनी दीड इंच माया सोडा आणि शिवायची रेघ धावदोऱ्याने आखूनच कापड वाटा. भरतकामाने कापड थोडं आवळतं, म्हणून काम संपल्यावर पुन्हा मोजा आणि मगच जास्तीचं कापा.

कापड आधी धुतलंच पाहिजे. कोरा मादरपाट, म्हणजे साधं सुती कापड, आटतो आणि वरच्या तुकड्यांना चुण्या पडतात. लाल, मरून, गडद निळा तुकडा लावण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा बाजूला. सुती आणि सिंथेटिक साड्या एकाच चौकटीत असतील तर इस्त्री सिंथेटिकच्या बेताने फिरवा, नाहीतर तुकडा वितळून चिकटेल. ठिगळ लावताना त्याचा उभा धागा खालच्या कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळवा; उरेब, म्हणजे तिरका कापलेला तुकडा ताणतो आणि माणसाचा चेहरा वाकडा होतो. आखणी शिंप्याच्या खडूने करा. बॉलपेनची शाई निघता निघत नाही.

चेहरे लहान करू नका. हा पट लोक दहा फुटांवरून बघणार आहेत. नाक-डोळे भरण्यापेक्षा पदर, पागोटं, पाठीचा बाक यांवरून माणूस ओळखू येतो. अक्षरं निदान दोन इंची ठेवा आणि नावं शिवण्याआधी त्या घरातल्या माणसाकडून तपासून घ्या. चुकलेली वेलांटी उसवली तरी भोकं दिसत राहतात.

टांगताना कोपऱ्यांना खिळे ठोकले की महिनाभरात मध्ये झोळ येतो. मागे वरच्या काठाला सलग कापडी नळी शिवून तिच्यातून पाइप घाला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. समोरच्या खिडकीतून ऊन थेट येत असेल तर जागा बदला. कोकणात पट ओलसर भिंतीला टेकवू नका, मागे हवा खेळू द्या. काढून ठेवायचा झाला तर घडी नको; सुती चादरीसकट गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये बांधू नका.

आणि मूळ रेखाटनं जपून ठेवा. स्कॉटलंडमध्ये हजारावर लोकांनी मिळून देशाच्या इतिहासाचा १६० चौकटींचा पट भरला. २०१५ साली त्यातली एक चौकट प्रदर्शनातून चोरीला गेली आणि ती नव्याने भरावी लागली. प्रत्येक चौकटीचं पूर्ण मापाचं रेखाटन, पुढून-मागून फोटो, वापरलेल्या दोऱ्याचे तुकडे आणि शिवणाऱ्या बायकांची पूर्ण नावं, हे सगळं एका वहीत लावून ती वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. शिवाय नावं पटाच्या अस्तरावरही शिवा. कपाटं बदलतात, वह्या हरवतात.