सॅम्पल रेट मागच्या टोकाकडून ठरवा

एसडीआर (सॉफ्टवेअरनं चालणारा रेडिओ) फर्मवेअर शिकायला आलेली पोरं पहिल्याच दिवशी सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला किती नमुने घ्यायचे त्याचा, काटा शेवटपर्यंत नेतात. "सर, 3.2 मेगासॅम्पल चालतंय की!" चालतंय खरं, पण आरटीएल-एसडीआर डोंगलवर (यूएसबीला लावायचा रिसीव्हर) त्या वेगाला सॅम्पल गळतात. 2.4 मेगासॅम्पलला (सेकंदाला 24 लाख नमुने) बहुतेक संगणक कुरकुर करत नाहीत. मी एवढंच विचारतो, शेवटी बाहेर काय काढायचंय? 48 किलोहर्ट्झचा ऑडिओ ना? मग तिथून मागं या. 48 पाचपट केले की 240 किलो, ते दहापट केले की 2.4 मेगा. 2.048 घेतलात तर 48 ने भाग जात नाही आणि अपूर्णांकी रिसॅम्पलर (अपूर्णांकाच्या पटीत रेट बदलणारा कोड) लिहीत बसावं लागतं.

कोल्हापुरात सरावाला दोन स्टेशनं हाताशी आहेत: आकाशवाणी 102.7 आणि टोमॅटो एफएम 94.3. दोन्ही एकदम दिसावीत ही हौस प्रत्येकाला असते. मधलं अंतर 8.4 मेगाहर्ट्झ, म्हणजे हॅकआरएफवर (जास्त रुंद पट्टा घेणारा एसडीआर) 10 मेगासॅम्पल तरी हवेत. एकच स्टेशन ऐकायचं तर हा खटाटोप कशाला?

बोर्डाची ताकदही आधी बघा. एसटीएम32एफ407 या मायक्रोकंट्रोलर चिपचा 168 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर 2.4 मेगासॅम्पलला प्रत्येक आय-क्यू जोडीमागं (एका सॅम्पलचे दोन आकडे, प्रत्येकी एक बाइट) फक्त 70 सायकल देतो. त्यात डोंगलचा डेटा सेकंदाला 4.8 मेगाबाइट, म्हणजे 38.4 मेगाबिट. चिपमधला फुल-स्पीड यूएसबी 12 मेगाबिटचा. बाहेरून हाय-स्पीड पीएचवाय (यूएसबीचे सिग्नल हाताळणारी चिप) जोडल्याशिवाय हे जमणार नाही. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो, तरी लोक आधी बोर्ड घेतात.

ओव्हरसॅम्पलिंगचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त वेगानं सॅम्पल घेण्याचा, फायदा किती? 2.4 मेगावरून 240 किलोवर आलात की दहापटीला 10 डेसिबल, म्हणजे साधारण 1.7 बिट. पण क्वांटायझेशनचा (सिग्नल ठरावीक बिटांत बसवताना होणाऱ्या चुकीचा) नॉइज पट्ट्यात पसरलेला असेल तरच. गेन (सिग्नल वाढवायचं प्रमाण) इतका कमी ठेवला की शेवटचा बिटही हलत नाही, तर हाती काही लागत नाही. गेन जास्त होऊन एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) क्लिप झाला, तर कितीही सरासरी काढा, सुटका नाही. आणि फिल्टरनंतर कुणी परत 8 बिटांत कोंबलं की कमावलेलं सगळं गेलं. कोड तपासताना मी आधी हीच ओळ शोधतो.

आता खरी मेख. चार पायऱ्यांचा सीआयसी (फक्त बेरीज-वजाबाकीवर चालणारा फिल्टर) लावून थेट दहानं डेसिमेट करायचा, म्हणजे दहातलं एकच सॅम्पल ठेवायचा, मोह होतो. एफएमसाठी मध्यापासून दोन्हीकडं 100 किलोहर्ट्झ जपायचे म्हटलं, तर 140 वरचा कचरा 240 भोवती दुमडून 100 वर येतो आणि सीआयसी तिथं जेमतेम 22 डेसिबल दाबतो. वर 100 किलोहर्ट्झला स्वतःचा सिग्नल दहा-साडेदहा डेसिबलनं खचतो. त्यापेक्षा सीआयसीनं पाचनं भागून 480 वर थांबा. आता दुमडणारा पट्टा 380 पासून सुरू होतो, तिथं दाब 47 डेसिबल, आणि 100 वर खच फक्त 2.4. पुढचे दोनानं भागायचे काम हाफ-बँड फिल्टरला द्या. पासबँड 100 ला संपतो, स्टॉपबँड 140 ला सुरू होतो, दोन्ही 120 (480 चा चौथा हिस्सा) पासून सारख्या अंतरावर. हाफ-बँडला नेमकं हेच हवं असतं, आणि त्याचे जवळपास निम्मे गुणांक शून्य असल्यानं सायकल वाचतात.

बिटांची वाढही मोजा: पायऱ्या गुणिले भाजकाचा 2 च्या पायाचा लॉग. पाचला चार पायऱ्यांत 10 बिट, डोंगलच्या आठ बिटांत मिळवून 18. थेट पन्नासनं भागलं तर 31, 32 मध्ये कसाबसा बसतो. एडीसी 12 बिटांचा झाला की 35, मग नाही. सीआयसीतला बेरजा करणारा भाग, इंटिग्रेटर, मधे भरून वाहिला तरी चालतं, कारण वजाबाकी करणारा भाग, कोंब, त्यातला फरक काढून टाकतो. फक्त सी भाषेत साइन्ड (उणे आकडेही घेणारा) पूर्णांक वाहू देऊ नका, तो अपरिभाषित व्यवहार आहे आणि कंपायलर त्याचा गैरफायदा घेतो. बेरजा अनसाइन्ड 32 बिटांत करा, शेवटी साइन्ड करा.

डोंगल लावण्याआधी एकदा हे करून बघा: 2.4 मेगाला 380 किलोहर्ट्झचा पूर्ण ताकदीचा कॉम्प्लेक्स (आय-क्यू जोडीतला) टोन तयार करून सीआयसीला द्या. 480 च्या आउटपुटमध्ये तो उणे 100 वर दिसेल. शून्य हर्ट्झच्या टोनपेक्षा तो 47 डेसिबल खाली हवा. 35 च्या आसपास दिसला, तर एक पायरी लिहायची राहिली आहे.