इलेक्ट्रिक कारचे स्टिअरिंग थरथरत असेल तर

इलेक्ट्रिक कारमध्ये इंजिनाची धडधड नसल्यामुळे, पेट्रोलच्या गाडीत लक्षातही आली नसती अशी बारीक थरथर स्टिअरिंगवर स्पष्ट जाणवते, आणि मग पहिला संशय मोटरवर जातो. तो बहुधा चुकीचा ठरतो. सुमारे दोन मीटर परिघाचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदाला जवळपास १४ फेरे घेते आणि हातांना जाणवणारे हादरे साधारण याच लयीचे असतात; मोटर मात्र चाकाच्या कितीतरी पट वेगाने फिरते, त्यामुळे तिच्यातला दोष हाताला कळण्याआधी गुणगुणीसारखा कानावर येतो. लेन सोडताना इशारा म्हणून स्टिअरिंग मुद्दाम थरथरवणाऱ्या गाड्याही आहेत. तेव्हा ती सोय बंद करून एकदा पाहावे.

दोष शोधायचा तर थरथर नेमकी केव्हा येते हे आधी ठरवावे लागते: एकसारख्या वेगात, वेग वाढवताना की ब्रेक दाबल्यावर. इथे इलेक्ट्रिक गाडी थोडी फसवते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोलची गाडी बऱ्यापैकी मोकळी धावते. इलेक्ट्रिक गाडीत मात्र त्याच क्षणी रीजन (मोटरच गाडीला मंदावून वीज परत बॅटरीत भरते ती सोय) सुरू होते आणि ॲक्सलवर उलट दिशेने ताण येतो. म्हणून चाचणीपूर्वी रीजन सर्वांत खालच्या पातळीवर ठेवावे, आणि सरळ, सपाट, रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, काही क्षण गाडी न्यूट्रलमध्ये धावू द्यावी. न्यूट्रलमध्येही त्याच वेगाला थरथर तशीच राहिली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे असे समजून पुढे जाण्यास हरकत नाही.

बहुतेक गाड्यांचा प्रश्न इथेच सापडतो. ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या दरम्यान सुरू होऊन त्यापुढे कमी होणारी थरथर हे चाकाचे बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे असणे) बिघडल्याचे नेहमीचे लक्षण आहे. पुढच्या चाकाचा दोष स्टिअरिंगवर, तर मागच्या चाकाचा सीटमध्ये आणि फरशीवर जास्त जाणवतो. टायर थंड असताना हवा तपासावी, रिमची आतली बाजू टॉर्च लावून पाहावी. तिथे वाळून बसलेला चिखलाचा एक गोळाही बॅलन्स बिघडवायला पुरतो. मग टायरवरून तळहात आधी एका दिशेने आणि नंतर उलट दिशेने फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागत असेल, तर टायर असमान झिजला आहे आणि त्याचे मूळ अलाइनमेंटमध्ये (चाकांच्या कोनांच्या जुळणीत) असण्याची शक्यता मोठी आहे. बिघडलेल्या अलाइनमेंटने गाडी एका बाजूला ओढते, ती सहसा थेट थरथरत नाही. पण अशा अलाइनमेंटने झिजवलेला टायर थरथरतो. बॅटरीच्या वजनामुळे आणि मोटरच्या तत्काळ मिळणाऱ्या ताकदीमुळे ही झीज लवकर होते.

आवाज कमी करण्यासाठी काही टायरांच्या आत फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. तो सुटून सरकला, किंवा पंक्चरसाठी भरलेले द्रव सीलंट आत राहिले, तर बॅलन्सिंग कितीदाही केले तरी टिकत नाही. अशा वेळी टायर उतरवूनच पाहावा लागतो. एका चाकाला फारच जास्त वजने लावावी लागत असतील, तर आणखी वजने न लावता रिम वाकलेली आहे का ते मशिनवर फिरवून तपासून घ्यावे. पुढच्या आणि मागच्या टायरांचा आकार एकच असेल तर चाके पुढे-मागे बदलावीत; थरथर स्टिअरिंगवरून सीटमध्ये गेली की दोष त्या चाकातच आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्ककडे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीकडे, वळावे. रीजनमुळे डिस्क आणि तिला आवळणारे पॅड कमी वापरले जातात, त्यामुळे ओलसर हवेत उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो. न्यूट्रलमध्ये ब्रेक दाबल्यास काम फक्त पॅडवर येते आणि दोष लपत नाही. हलका गंज असेल, तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत काही वेळा ठाम ब्रेक लावल्याने तो जातो. त्यानेही फरक पडला नाही तर डिस्कची जाडी मोजावी. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते आणि त्याखाली गेलेली डिस्क बदलावीच लागते.

पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत, ॲक्सिलरेटर दाबताना हादरे येऊन पाय उचलताच कमी होत असतील, तर मोटरची ताकद चाकाकडे नेणाऱ्या दांड्याचा आतला सांधा, म्हणजे आतला सीव्ही जॉइंट, झिजलेला असू शकतो. त्या सांध्यावरचे रबरी आवरण (बूट) फाटून आसपास ग्रीस उडालेले दिसले तर तो संशय पक्का होतो.

चाक उचलून ते वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवताना ढिलाई जाणवली तर चाकाचे बेअरिंग, किंवा सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे (बॉल जॉइंट, टाय रॉड एंड) तपासावे लागतात. जॅक मात्र मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावावा, कारण बॅटरी अगदी खालीच असते. नारिंगी आवरणाच्या केबलला हात लावू नये. चाक परत बसवताना हबवरचा (चाक ज्या भागावर बसते त्यावरचा) गंज घासून काढावा, समोरासमोरचे नट क्रमाने आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत, आणि साधारण १०० किलोमीटर चालल्यावर तोच टॉर्क पुन्हा तपासावा. असमान आवळलेल्या नटांमुळे डिस्क तिरकी बसते, आणि ब्रेकची थरथर दुरुस्तीनंतर नव्याने सुरू झाल्याचे कारण अनेकदा तेच निघते.