दुधाच्या गंजावरचं झाकण आणि बसऱ्याला गेलेली माणसं

आमच्या गावातल्या एका बुढीच्या घरी दुधाच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, एक जाडजूड झाकण असायचं. वितीपेक्षा लहान, पण आकाराच्या मानानं चांगलंच जड. मी तिथं वारस नोंदीचा अर्ज लिहून द्यायला गेलो होतो. पटवारकीतून निवृत्त होऊन गावी परतलो तरी लोक कागद घेऊन बोलावतातच. चहा होईस्तोवर झाकण हातात घेऊन पाहिलं. एक बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह.

"देवी हाय ते," बुढी म्हणाली. "दसऱ्याले चिंच लावून घासतो आमी."

ती देवी म्हणजे ब्रिटानिया. पहिल्या महायुद्धात जे मेले त्यांच्या घरी सरकारनं अशी काशाची थाळी पाठवली होती. व्यास सुमारे 12 सेंटिमीटर. साडेतेरा लाखांवर थाळ्या ओतल्या गेल्या. कडेनं इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. (वऱ्हाडातला माणूस त्या काळी कोणाच्या स्वातंत्र्यासाठी मेला, ते विचारू नका.) बाईच्या बाजूला चौकटीत मेलेल्याचं नाव. नुसतं नाव. हुद्दा, पलटण, गाव काही नाही.

त्या झाकणानं मला सहा वर्षं कामाला लावलं. आता आजूबाजूच्या गावांतली पोरं विचारतात, आमच्या गावचे कोण गेले होते ते कसं शोधायचं? त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कागद हा माझा जन्माचा धंदा असल्यामुळे माझी वाट कागदाची आहे. पण सुरुवात कागदापासून करू नका, घरांपासून करा.

गावातल्या म्हाताऱ्यांना "महायुद्धात कोण गेलं होतं" असं विचारलं तर ते तुमच्या तोंडाकडे पाहतील. "बसऱ्याले कोण गेलतं?" असं विचारा. बसरा म्हणजे इराकमधलं बंदर. नाहीतर "जर्मनच्या लढाईत कोणाचा आजा होता?" आमच्याकडे एका घराला अजून फौजीचं घर म्हणतात. त्या घरात तीन पिढ्यांत कोणी फौजेत नाही, सगळे कापूस-सोयाबीनवाले. नाव मात्र टिकून आहे. अशी नावं पकडा. आणि बायकांना विचारा. बाप्ये लढाई सांगतात, तीही अर्धी सिनेमातली. बाया सांगतात की मनिऑर्डर कोणाच्या नावानं यायची, आणि ती कधी बंद झाली.

मग विचारायचं, घरात काही बिल्ला, थाळी, पेटी आहे का. पहिल्या लढाईच्या दोन पदकांच्या कडेवर, म्हणजे नाण्याची जशी धार असते तिथं, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत उमटवलेली असते. एक पदक चांदीचं. ते बहुतेक घरांतून सोनाराकडे गेलं. दुसरं काशाचं, इंद्रधनुषी फितीचं. ते मोडून पैसे येत नाहीत म्हणून ते उरतं. जो परत आला त्याचा छडा लावायला ही धार म्हणजे तुमचा सातबारा समजा. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नाव असेलच याचा भरवसा धरू नका.

वाचायचं कसं, तेही सांगतो, कारण इथंच लोक घाण करतात. चिंच, राख, भांडी घासायची पावडर, काही लावायचं नाही. बुढीच्या थाळीवरचं नाव उठावाचं होतं, आणि नव्वद-शंभर दसऱ्यांच्या चिंचेनं ते जवळपास सपाट झालं होतं. दिवसा काहीच दिसेना. रात्री लाइट घालवून मोबाइलचा टॉर्च थाळीच्या अगदी पातळीत, बाजूनं धरला, तेव्हा अक्षरांना सावल्या पडल्या. टॉर्च घड्याळाच्या काट्यासारखा थाळीभोवती फिरवत आठ-दहा फोटो काढले. एका फोटोत पहिली तीन अक्षरं स्पष्ट, दुसऱ्यात शेवटची. मधली दोन मिळेनात. मग पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन आडवी घासली, तशी तीही आली. सून म्हणाली, "पटवारीसाहेब, आता यावर दूध कसं झाकू मी?" मी म्हटलं, झाक. शंभर वर्षं झाकलंच आहे.

नाव मिळालं की नेटवर जायचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची संस्था आहे, 1917 मध्ये स्थापन झालेली. दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची यादी तिच्या साइटवर फुकट शोधता येते. तिथं पहिल्या युद्धाची मुदत 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 अशी धरतात, आणि दुसऱ्याची 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947. म्हणजे लढाई संपल्यावर दोन वर्षांनी बगदादच्या दवाखान्यात मेलेलाही त्या यादीत असू शकतो. 1918 ला थांबू नका.

नावानं शोधाल तर फसाल. कारकुनानं जे ऐकलं ते लिहिलं. लक्ष्मणचा लछमन होतो, विठोबाचा विथू होतो. आडनाव बहुधा नसतंच, नाव आणि बापाचं नाव एवढंच. म्हणून गावानं शोधा. साइटवर जादा माहितीचा एक रकाना आहे, त्यात "अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक जिल्हा" असं लिहिलेलं असतं. पण जिल्ह्याचं नाव आजच्या स्पेलिंगनं टाकलं तर हाती भोपळा. यवतमाळ तेव्हा इंग्रजीत 'येओतमाल' असं लिहीत, अमरावती 'अम्राओती', अचलपूर 'एलिचपूर', वाशीम 'बासीम', चंद्रपूर म्हणजे चांदा. वाशीम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून निघाला, गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून, गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून. तेव्हा जुना जिल्हा कोणता ते आधी ठरवा. प्रांताच्या जागी कधी 'बेरार' म्हणजे वऱ्हाड, कधी 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' म्हणजे मध्य प्रांत, कधी नुसतं 'इंडिया'. मी वहीत प्रत्येक गावाची पाच-सहा स्पेलिंगं लिहून एकेक टाकत गेलो. कंटाळवाणं काम आहे. पावसाळ्यात करावं.

आणखी एक, नुसते शिपाई शोधू नका. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, खेचरं हाकणारे होते, हमाल होते, रस्ते-रूळ टाकणारे मजूर होते, स्वयंपाकी, भिस्ती, डोलीवाले होते. फौजेच्या भाषेत हे सगळे 'फॉलोअर'. आपल्याकडचे लोक मराठा पलटणींची नावं पाठ करून बसतात. तिथल्या 1915-16 च्या कूतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या, हे खरं. पण आपल्या गावचा माणूस तिथंच असेल असं आधीच धरून चालू नका. थाळीवाला निघाला खेचरांच्या तुकडीत. त्याच्या नोंदीत स्मारक लिहिलेलं होतं, बसरा मेमोरियल.

मी त्या स्मारकाचे फोटो शोधले, भिंतीवर नाव दिसेल म्हणून. तर कळलं की बसऱ्याच्या त्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची कोरली, आणि बाकी हिंदुस्थानी शिपाई-नोकरांचे पलटणवार फक्त आकडे. एकूण 40 हजारांवर माणसांचं स्मारक ते. मूळ जागेवरून 1997 मध्ये उचलून वाळवंटात नेऊन ठेवलं. 2021 मध्ये कमिशननं स्वतःच्या अहवालात हा दुजाभाव कबूल केला. म्हणजे आमच्या माणसाचं नाव धातूत किंवा दगडात असं मला ठाऊक असलेलं एकच ठिकाण, ते त्या गंजावर.

आता कोतवाल बुक. विदर्भातल्या माणसाला हे सांगायला नको, जातीच्या दाखल्यासाठी प्रत्येक घर कधी ना कधी तिथं जाऊन आलेलं असतं. गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, नक्कल मागायची. 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम झाली तेव्हा बरीच जुनी बुकं बाहेर निघाली, काही स्कॅनही झाली. आधी जिल्ह्याच्या साइटवर बघा, एखादा हेलपाटा वाचेल. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील तर वाचणारा शोधावा लागेल. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग चालतात, तिथं शिकलेलं कोणीतरी जवळपास सापडतं. एका कार्यालयात मला सांगितलं, त्या सालचं बुक वाळवीनं खाल्लं. तीन महिन्यांनी दुसरा कारकून होता, त्यानं कपाटावरून काढून दिलं. एकदा नाही म्हटलं म्हणून सोडू नका.

परदेशात मेलेल्याची मृत्यूनोंद त्या बुकात मिळणार नाही. मग बघायचं कशाला? त्याचा जन्म, त्याच्या लेकरांचे जन्म, आणि 1918 चं साल. 1918 चा ऑक्टोबर-नोव्हेंबर उघडा. एरवी महिन्याला एखाद-दोन ओळी असणारं पान त्या दोन महिन्यांत भरून वाहतं. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा त्या साली आलेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा सर्वांत जास्त फटका बसलेल्या मुलखांपैकी एक. थाळीवाल्याच्या घरातली दोन माणसं आठ दिवसांत गेलेली दिसतात. तो स्वतः त्याच्या वर्षभर आधीच बसऱ्याला मेलेला. थाळी या सगळ्यानंतर आली असणार. कोणाच्या हातात दिली, तेवढं काही कागदावर नाही.

शाळा तेव्हा असेल तर दाखलखारीज रजिस्टर बघा. त्यात पालकाचा धंदा लिहितात, एका पोरासमोर मला 'पलटणीत' असा शब्द मिळाला. फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल लिहितात त्या नोंदवहीतही, नजर टाका. माजी सैनिक म्हणून सरकारनं दिलेली जमीन असेल तर ती भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, असते, आणि वाटपाच्या नोंदीत कारण लिहिलेलं असतं.

आता माझी चूक सांगतो. आमचं गाव बोरगाव. वऱ्हाडात दगड मारला तर बोरगावात पडतो. मला यादीत 'बोरगाव, बेरार' अशी एक नोंद मिळाली, नावही आमच्या गावात शोभणारं. मी हुरळून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ते नाव वाचून दाखवलं, टाळ्याही घेतल्या. त्या नावाच्या घराण्यातल्या एका पोरानं दारावर पाटी लावायची तयारी केली. चार महिन्यांनी त्याच माणसाच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो त्या साइटवर उघडला, तर तालुका बाळापूर. बाळापूर अकोल्यात, आम्ही यवतमाळातल्या दारव्ह्याकडचे. पोराच्या घरी जाऊन सांगावं लागलं. तो काही बोलला नाही, त्याच्या आईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. तेव्हापासून माझा नियम: नाव, बापाचं नाव, आणि तालुका, तिन्ही जुळल्याशिवाय शाईनं लिहायचं नाही. दोन जुळली तर शिसपेनीनं. एकच जुळलं तर वहीच्या मागच्या पानावर.

बाकीचं थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात बर्मा, मलाया, इटली, आफ्रिका असं विखुरलेलं असतं. शोधायची पद्धत तीच, फक्त स्मारकं रंगून, सिंगापूर, कसिनो अशी निघतात. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं, त्यानंतर बेपत्ता झालेला माणूस आझाद हिंद सेनेत गेला होता का, हेही घरी विचारा. परत आलेल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ज्याला म्हातारे अजून सोल्जर बोर्ड म्हणतात. दुसऱ्या युद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार महिन्याला मदत देत आलं आहे, त्यामुळे फायली तिथं निघू शकतात. पलटण ठाऊक असेल तर रेजिमेंटच्या केंद्राला पत्र टाका. मराठा बेळगावला, महार रेजिमेंट मध्य प्रदेशातल्या सागरला. महार पलटण म्हणताना जपा: 111 नंबरची 1917 मध्ये उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली, आजची रेजिमेंट 1941 ची. आणि 1947 नंतर शहीद झालेले वर सांगितलेल्या यादीत सापडणार नाहीत. त्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, 2019 मध्ये झालेल्या.

सध्या माझ्या वहीत शाईची सहा नावं आहेत, शिसपेनीची चार. मागच्या गुरुवारच्या बाजारात लसूण विकणाऱ्या एका बाईनं ऐकून सांगितलं, तिच्या माहेरी तराजूच्या पारड्यात वजन म्हणून तसलीच सिंहावाली थाळी वापरतात, पाच-सहा मैलांवरच्या गावात. टॉर्च, पातळ कागद आणि शिसपेन पिशवीत घालून ठेवलं आहे. या गुरुवारी ती मला सोबत नेणार आहे, लसूण लवकर संपला तर.