प्रेरणेसाठी मोबाईल उघडण्याआधी मिरजेला जाऊन या

सांगली-साताऱ्याकडून डिझाइनमध्ये येणाऱ्या मुलांना एक न्यूनगंड असतो, आपल्याकडे बघण्यासारखं आहेच काय? माझा अजून पुरता गेलेला नाही. सॉफ्टवेअर आणि कोर्सचं तुम्हाला माहीत असेलच, त्यावर बोलत नाही.

सापळा एकच आहे. लोगो करायचा म्हणून लोगोच बघत बसायचं, पोस्टरसाठी पोस्टर. जमवलेल्या चित्रांचा फोल्डर फुगतो, काम मात्र कुणाचं तरी उष्टं निघतं. कॅडिलॅक या अमेरिकी गाडीच्या शेपटीचं उदाहरण घ्या. १९४८ च्या गाडीला मागे माशाच्या परांसारखे दोन छोटे पंख आले, ते जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल याच्या चमूनं पी-३८ लाइटनिंग या लढाऊ विमानाच्या दुहेरी शेपटीवरून घेतले. तो विमानाकडे बघत होता. बाकीचे कारवाले कॅडिलॅककडे बघत बसले, आणि दहा वर्षांत अमेरिकेतल्या निम्म्या रस्त्यावर पंखच पंख. १९५९ च्या कॅडिलॅकला तर ते इतके उंच झाले की हसू येतं. विमानाला शेपटीनं स्थिरता मिळते. गाडीवर उरली ती नुसती सजावट. तुमच्या फोल्डरमधलं बहुतेक सगळं असंच, त्यामागचं मूळ कारण गळून पडलेलं असतं.

म्हणून आकार जिथं जन्मतो तिथं जा. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याचा फुगीर तळ बघून ‘काय सुंदर वळण’ म्हणाल, पण ते वळण शेतातल्या भोपळ्याचं आहे. दोन भोपळे सारखे येत नाहीत, म्हणून गळा (भोपळा आणि दांडीचा जोड) आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी झाकणी) त्याच्या घेराला बसवून करावी लागते. जवारी लावताना, म्हणजे तारांची गुंज जुळवताना बघा. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा माथा इतका हलका घासतात की फोटोत काहीच दिसत नाही, आणि तंबोऱ्याचा सगळा आवाज तिथंच असतो. हे वहीत काढा. हात वाईट असला तरी काढा.

जुन्या गाड्यांसाठी विंटेज रॅलीची वाट बघू नका. गावातला एखादा डेंटर जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा पत्रा ठोकत असेल तर शेजारी उभे राहा. पुट्टी घासल्यावर तो डोळे बाजूला ठेवून तळहात फिरवतो. रंगानंतर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर कुठं मोडतं ते बघतो. मला पृष्ठभाग म्हणजे काय ते तिथं कळलं. ‘ट्रेंड बघ’ एवढंच सांगणारे मेंटॉर फी घेतात, डेंटर चहावर भागवतो.

सातारा जिल्ह्यातल्या औंधचं भवानी संग्रहालय तर चुकवूच नका. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं, राजा रविवर्म्याची चित्रं आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ शिल्प एकाच छपराखाली. घाईत सगळं बघू नका, एकाच वस्तूपुढे तासभर बसा.

चित्रकलेत हात बसत नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी: उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले, पण काही रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. १९१० मध्ये याच औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसवली.

आणि कारागिराकडे जाताना सणासुदीचा, गिऱ्हाइकांच्या गर्दीचा दिवस टाळा. आधी विचारा, मग वही काढा. कुणी हाकललं तर वाईट वाटून घेऊ नका, त्याच गल्लीत पुढं दुसरं दुकान असतंच.