वाइल्ड म्हणजे दरवेळी जंगली नसतं

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना वाइल्ड शब्द दिसला की आपण डोळे झाकून 'जंगली' लिहून मोकळे होतो, आणि घोळ तिथेच होतो. आधी बघायचं की ते वाइल्ड चिकटलंय कशाला. प्राणी किंवा झाडझुडूप असेल तर पुढे 'रान' लावा, काम झालं, रानडुक्कर, रानमांजर, रानफुलं. सरकारी किंवा कायद्याची भाषा असेल तर वन्य. 'रानटी' मात्र जपून, त्यात शिवीचा वास येतो.

दुसरं म्हणजे वाइल्ड असायला जंगल लागतंच असं नाही. माणसाने पाळलेलं, पेरलेलं नाही एवढाच मुद्दा, म्हणून समुद्रात पकडलेला सॅल्मन मासाही वाइल्ड आणि पिंजऱ्यात वाढवलेला तो फार्म्ड. रस्त्यावरचं कुत्रं वाइल्ड नाही हां, ते स्ट्रे, म्हणजे भटकं. आणि मूळचं पाळीव पण पुढे मोकाट सुटून रानातच रुळलं तर त्याला फेरल म्हणतात. अमेरिकेतले मस्टँग घोडे खरंतर फेरलच, स्पॅनिश लोकांनी आणलेल्या घोड्यांची पिलावळ, तरी सगळे बिनधास्त वाइल्ड हॉर्स म्हणतात, त्यामुळे बोलताना एवढं ताणू नका.

आता विल्डरनेस, म्हणजे माणसाचा हात न लागलेला प्रदेश. वाइल्डरनेस नाही, उच्चार विल्‌ असा ऱ्हस्व! यात वाइल्डसोबत जुना 'डिअर' शब्द दडलाय, तेव्हा डिअर म्हणजे हरीणच नाही तर कुठलंही जनावर. नुसतं 'जंगल' लिहिलं तर चुकतं कारण वाळवंट, बर्फाळ पठार हेही विल्डरनेसच, १९६४ च्या अमेरिकन विल्डरनेस कायद्यातही अट झाडांची नाहीये, माणसाचा हस्तक्षेप नसण्याची आहे. राजकारणात हा शब्द आला तर आपल्याकडे तयार शब्द आहे, विजनवास. ब्रिटिश नेते चर्चिल १९२९ ते १९३९ मंत्रिपदाबाहेर होते, त्या काळाला इंग्रजीत विल्डरनेस इयर्स म्हणतात, आता ते काय जंगलात जाऊन राहिले नव्हते.

बाकी वाक्प्रचारात जंगल विसराच. वाइल्ड गेस म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, वाइल्ड आरोप म्हणजे बेछूट आरोप, बातमी वाइल्डफायरसारखी पसरली तर वणव्यासारखी. आणि कोणी म्हणालं की आय ॲम नॉट वाइल्ड अबाउट इट, तर तो स्वतःला सभ्य म्हणवत नाहीये, त्याला ते फारसं आवडलेलं नाहीये.