सोबत आलेल्यांचंही नाव लिहा

विदर्भ-खानदेशातून ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षण शिकायला येणारी मुलं दर वर्षी भेटतात. एम.पी.एड.चं दुसरं वर्ष लागलं, की त्यातलं कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, दिव्यांगांवर टॉपिक घेतला तर गाईड लवकर हो म्हणतील का?" म्हणतील. या विषयाला नाही म्हणणं कुणालाच जड जातं. पण सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पास झाल्यावर पुढे काय, हे कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरात वाढले, इथेच शिकले, आणि गेली काही वर्षं विशेष गरजा असलेली मुलं आणि त्यांच्या घरची माणसं मिळून काय खेळतात, आणि खेळणं सुटतं ते का सुटतं, यावर काम करते आहे.

लायब्ररीत या विषयाचे प्रबंध काढून बघा. बहुतेकांचा सांगाडा एकच असतो. एखाद्या विशेष शाळेतली काही मुलं घ्यायची, बारा आठवडे व्यायाम द्यायचा, आधी आणि नंतर चाचणी, मग दोन्हींतला फरक तपासणारी टी-टेस्ट. आकडे सुधारतात. ते सुधारणारच, कारण आधी ती मुलं बसूनच होती. संशोधक गेला की तेराव्या आठवड्यात सगळं थांबतं, आणि त्याचं कारण प्रबंधात कुठेच नसतं. ते मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेलं असतं. मुलाला घेऊन आलेली आई, शेजारी कंटाळलेली धाकटी बहीण, बाहेर स्कूटरवर घड्याळ बघणारा बाप. या माणसांची नोंद आपल्या तक्त्यात 'पालक' या एका रकान्यात संपते. माझं म्हणणं एवढंच आहे, की यांना सहभागी म्हणून मोजा. त्यांचं वय, कामाच्या वेळा, गुडघेदुखी, त्यांना स्वतःला काय खेळायला आवडतं, सगळं.

उदाहरण देते. दौलतगंजातल्या एका घरी सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेला मुलगा आणि त्याचे आजोबा दुपारी व्हरांड्यात बोचिया खेळतात. हा खेळ बसून खेळता येतो. एक पांढरा चेंडू पुढे टाकायचा आणि आपले चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. १९८४ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे. यांच्याकडे चेंडू म्हणजे जुन्या मोज्यांत वाळू भरून शिवलेले गोळे. आजोबांचे गुडघे गेलेले, त्यामुळे तेही खुर्चीत. आजोबांना हरायचं नसतं, म्हणून खेळ चालू राहतो. दुसऱ्या एका घरात मुलीला पोहायला न्या असा सल्ला मिळाला होता. सल्ला योग्यच होता. पण तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला, वडिलांची ड्यूटी शिफ्टची आणि काठावर बसणाऱ्या आईच्या मांडीवर लहान बाळ. एक हंगाम सरला आणि पोहणं बंद झालं. मुलीची 'प्रेरणा' मोजणारी प्रश्नावली दिली असती तर ती भरघोस गुणांनी पास झाली असती.

यासाठी ग्वाल्हेर फार सोयीचं गाव आहे. १८५७ च्या शताब्दीला, १९५७ साली, लक्ष्मीबाईंच्या नावाने निघालेलं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज इथलं. १९९५ मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं आणि आता सगळे त्याला एलएनआयपीईच (लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था) म्हणतात. २ ऑक्टोबर २०२३ रोजी अटलबिहारी वाजपेयींच्या नावाचं दिव्यांग क्रीडा प्रशिक्षण केंद्रही इथेच सुरू झालं. शिवाय या पट्ट्याने मोठे खेळाडू दिले आहेत. शेजारच्या भिंडचे सत्येंद्रसिंह लोहिया २०१८ मध्ये इंग्लिश खाडी रिलेने पार करणाऱ्या पॅरा जलतरणपटूंच्या संघात होते, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्वाल्हेरची प्राची यादव टोकियो पॅरालिम्पिकमध्ये कॅनोइंगच्या अंतिम फेरीत गेलेली पहिली भारतीय. हांगझोउच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने सुवर्णपदकही मिळवलं.

ही नावं कुटुंबांना सांगताना मात्र हात आखडता घ्या. पदकाचा खेळ निवड करतो, उरलेल्यांना बाजूला काढतो. आपला विषय त्या उरलेल्यांचा आहे. मुलाचा पहिला चेंडू नीट पडायच्या आत "हा ऑलिम्पिकला जाईल का?" असं विचारणारे वडील भेटतील. त्यांना उत्तर देण्याआधी संध्याकाळी ते स्वतः किती वाजता घरी येतात ते विचारून घ्या.

वाचायला कुठून सुरुवात करायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शारीरिक हालचालींच्या शिफारशी आधी वाचा. अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी वेगळ्या शिफारशी त्यात पहिल्यांदा आल्या. मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल, प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम. आकडे इतरांसारखेच आहेत हे लक्षात घ्या, आणि थोडं केलं तरी काहीच न करण्यापेक्षा चांगलं, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मग त्याच संघटनेचं २००१ चं आयसीएफ, म्हणजे कार्यक्षमता आणि अपंगत्वाचं वर्गीकरण. शरीर, कृती, सहभाग आणि भोवतालची परिस्थिती यांचं नातं त्यात कळतं. तिसरं म्हणजे रोझेनबॉम आणि गोर्टर यांनी २०१२ मध्ये मांडलेले बालविकलांगतेतले सहा मुद्दे: कार्यक्षमता, कुटुंब, तंदुरुस्ती, मजा, मित्र आणि भविष्य. 'मजा' आणि 'मित्र' आपल्या सिनॉप्सिसमध्ये कधी दिसतात का, बघा. कायद्याचं पाठबळ हवं असेल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात २१ प्रकार दिले आहेत, आणि कलम ३० पूर्ण खेळांवर आहे. २०११ च्या जनगणनेतला २.६८ कोटींचा आकडा प्रस्तावनेत सगळेच टाकतात. तुम्हीही टाका, पण तो जुन्या कायद्याच्या काळातला आहे, म्हणजे २१ प्रकार येण्याआधीचा, हे एका ओळीत लिहा. परीक्षकांना बरं वाटतं आणि ते खरंही आहे.

आता घरांपर्यंत पोचण्याविषयी, कारण इथेच बहुतेकांचं वर्ष जातं. विशेष शाळेच्या यादीवरून गेलात, तर शाळेत जाणारीच मुलं मिळतात. घरात बसलेली मुलं फिजिओथेरपिस्टच्या बाकावर, अंगणवाडीताईच्या तोंडी, किंवा "आमच्या वाड्यात एक आहे" अशा बोलण्यातून सापडतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असलेल्यांनाच घ्यायचं ठरवलं, तर कार्ड काढायला कुणी नेलंच नाही अशी घरं सुटतात, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असतात. अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न त्यासाठी उपयोगी पडतात. दिसणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं आणि संवाद यांत किती अडचण येते, एवढंच त्यात विचारायचं असतं.

पहिल्या भेटीला वही काढू नका. मराठी घर असेल तर चहा होईलच, काकूंना काकू म्हणा, आणि तुम्ही कोणत्या गावचे हे सांगून टाका, नाहीतर अर्धा तास त्यातच जाईल. हिंदी घरात आपण 'दीदी' किंवा 'सर' होतो. तेव्हा आधी जमिनीवर बसलेल्या मुलाच्या उंचीला येऊन त्याच्याशी बोलायचं, मग मोठ्यांशी. प्रौढ व्यक्ती व्हीलचेअरवर असेल तर प्रश्न तिलाच विचारायचे, "यांना काय आवडतं?" असं खुर्ची ढकलणाऱ्याला विचारायचं नाही. नवख्यांची गाडी इथेच अडते. सगळे सभ्य असतात, पण नजर खुर्चीमागच्या माणसावर जाते.

मुलाखती माणसं ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत टिपा. आमच्याकडे एकाच घरात आजी मराठी, सून हिंदी आणि दारातली शेजारीण बुंदेली बोलते. जी मुलं बोलत नाहीत त्यांच्या हाती मोबाइल द्या आणि आवडत्या जागेचे फोटो काढू द्या. गच्ची, पाण्याची टाकी, शेजारच्यांचा कुत्रा, असं काहीबाही येईल. त्यातून जे कळतं ते पाच पर्यायांच्या प्रश्नावलीत मावत नाही.

वेळापत्रक ठरवताना विद्यापीठाचं कॅलेंडर बाजूला ठेवा. मे-जूनमध्ये इथे पारा ४५ च्या पुढे जातो. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्यांना घाम नीट येत नाही आणि शरीर तापत जातं, त्यांच्यासाठी हे दिवस धोक्याचे. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, आणि १९०५ पासून भरणारा व्यापार मेळा. त्या दिवसांत संध्याकाळी कुणी तुमच्यासाठी घरी थांबणार नाही, आणि थांबावं अशी अपेक्षाही ठेवू नका. फेब्रुवारी-मार्च आणि पावसानंतरचे महिने कामाचे. बजेटमध्ये सोबत येणाऱ्याचं ऑटोभाडं वेगळ्या ओळीत लिहा. हे कापलं जाण्याची शक्यता असते, म्हणून त्याचं कारणही लिहा.

मोजमापाबद्दल थोडं सविस्तर, कारण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) प्रश्न इथेच येतात. कमरेला लावलेला ॲक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारं छोटं यंत्र) व्हीलचेअर ढकलणं जवळजवळ पकडतच नाही. मनगटाला लावला तर ते पकडतो, पण ऑटिझम असलेलं मूल हात फडफडवत असेल तर तेही व्यायामात धरतो. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा असेल तर नाडीचे ठोके बऱ्याचदा ११०-१३० च्या वर जातच नाहीत, त्यामुळे नाडीच्या कमाल ठोक्यांचं '२२० वजा वय' हे सूत्र तिथे निरुपयोगी. तिथे बोर्गची ६ ते २० ची श्रमपट्टी वापरा, म्हणजे किती श्रम वाटले ते खेळणाऱ्यानेच आकड्यात सांगायचं. पाय आखडलेल्या मुलाची उंची भिंतीला उभं करून काढता येत नाही, नडगीच्या हाडाच्या लांबीवरून अंदाज काढतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे हालचालींच्या क्षमतेनुसार पाडलेले जीएमएफसीएसचे पाच स्तर एकाच गटात कालवू नका. पहिल्या स्तरावरचं मूल जिने चढतं, पाचव्या स्तरावरच्या मुलाला मान सावरणंही अवघड असतं. यांची सरासरी कुणाचीच नसते. माणसं कमी मिळाली, तर ओढूनताणून दोन गट करण्यापेक्षा सिंगल सब्जेक्ट डिझाइन घ्या. त्यात एकेका व्यक्तीची मोजणी वारंवार होते, आणि घरात पाहुणे आले त्या आठवड्यात काय झालं हेही आलेखावर दिसतं.

सुरक्षिततेत तडजोड नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या काहींमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कोलांटउडी नको, पाण्यात सूर मारणं नको. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल, आणि खेळताना अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, तर खेळ थांबवून आधी बसतं करा, लघवीची नळी दुमडली आहे का बघा, आणि तातडीने दवाखाना गाठा. ज्यांना फिट येते त्यांच्या घरच्यांकडून आदल्या रात्रीच्या झोपेची चौकशी रोज करा.

एथिक्स कमिटीचं काम लवकर सुरू करा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती तर लागतेच, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार लागतो. मूल मान फिरवून बसलं तर तो नकार आहे, आईने कितीही "करेल हो तो" म्हटलं तरी. आणि १८ पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, ही गोष्ट पालकांनाही बहुधा ठाऊक नसते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातली स्थानिक समिती पालक नेमते. व्यायाम देऊन परिणाम बघणार असाल, तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत) नोंदणी करून टाका. नंतर चांगल्या नियतकालिकांत छापायला गेलं, की पहिल्यांदा तेच विचारतात.

पीएच.डी.चे नियम थोडक्यात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दोन वर्षं जास्त मिळू शकतात. नेट शारीरिक शिक्षण या विषयात द्यायची. नोकऱ्यांचं म्हणाल तर अध्यापन आहे, पुनर्वसन केंद्रं आहेत, संस्थांचे प्रकल्प आहेत. पण विशेष शाळेत शिकवायचं असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते आणि एम.पी.एड.वर ती मिळत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

विषय अजून पुष्कळ रिकामे आहेत. उन्हाळ्यात दुपारी घरात, आठ बाय दहाच्या खोलीत काय खेळता येतं? सांभाळणाऱ्या आईची स्वतःची हालचाल किती होते, का ती फक्त उचल-ठेवच असते? मुलगी वयात आल्यावर मैदान का सुटतं, आणि त्यात अपंगत्वाचा वाटा किती, मुलगी असण्याचा किती? मला स्वतःला सगळ्यात जास्त उत्सुकता भावंडांची आहे. नियम वाकवून भावाला खेळात घेणारी आठ-नऊ वर्षांची बहीण जे करते ते आपण सेमिस्टरभर शिकवतो. यावर कुणी काम घेणार असेल तर आधी मला भेटा. भावंडांच्या मुलाखतीच्या प्रश्नांचं हिंदी आणि मराठी रूप तयार आहे, पायलटसाठी, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीसाठी, तीन-चार घरंही ओळखीची आहेत. रविवारी सकाळी दहानंतर गेलेलं त्यांना चालतं.